आडात पाणी कोठून येते?

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण मराठी मुलास लहानपणीच ऐकावयास मिळते. परंतु तिच्या पुढचा प्रश्न शाळेत क्वचितच विचारला जातो. आडात तरी पाणी कोठून येते? केज तालुक्यातील नांदूरघाट व बालाघाटाच्या परिसरातील इतर गावे यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी फाल्गुन सरता सरता आडांचे तळ दिसू लागतात, घागरींच्या रांगा लागतात, आणि ज्या घरची मोठी माणसे मजुरीस गेलेली असतात त्या घरची मुलगी वर्गात उशिरा येते, किंवा येतच नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे पडलेली गैरहजेरीची खूण ही पाण्याच्या प्रश्नाचीच एक नोंद होय. म्हणून हा विषय ग्रामपंचायतीचा तसाच शाळेचाही आहे.

प्रस्तुत पाठ इयत्ता चौथी ते सातवीच्या मुलांसाठी परिसर अभ्यास व गणित यांची सांगड घालून घेता येईल. तीन गोष्टी मुलांच्या मनावर ठसाव्यात, हा पाठाचा हेतू आहे. पहिली, विहीर हा पाण्याचा हौद नसून जमिनीत मुरलेल्या पाण्याचे मुख आहे. दुसरी, डोंगरमाथ्यावर केलेले काम गावाच्या आडात दिसते. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची ही की, पाणी अडविण्याइतकेच ते कोणी, कशासाठी व किती घ्यावे हे गावाने मिळून ठरविणे आवश्यक आहे.

भूमीचे स्वरूप

पाठाची सुरुवात पायाखालच्या जमिनीपासून करावी. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस थराथरांनी बाहेर पडला व थिजला. त्याचेच हे थर होत. यांतील अखंड पाषाणात पाणी शिरत नाही. ते शिरते मुरमात, झिजलेल्या खडकात, दोन थरांमधील सच्छिद्र पट्ट्यात आणि भेगांत. वाळूच्या प्रदेशात जमिनीखाली जशी विस्तीर्ण जलाशये असतात, तशी येथे नाहीत. येथील साठवण उथळ व तुटक असते. ती पावसाळ्यात लवकर भरते व उन्हाळ्यात लवकर रिकामी होते.

शिक्षकांनी हे मुलांना प्रयोगाने दाखवावे. दोन समान परड्या घ्याव्यात. एकीत उघडी माती दाबून बसवावी, दुसरीत गवतासह काढलेले मातीचे ढेकूळ ठेवावे. दोन्ही परड्या थोड्या तिरप्या करून त्यांवर झारीने सारखेच पाणी घालावे व खाली वाहून आलेले पाणी दोन भांड्यांत धरावे. उघड्या मातीवरून आलेले पाणी अधिक व गढूळ असेल. गवतावरून आलेले कमी, सावकाश व त्या मानाने स्वच्छ असेल. उघडा डोंगर पावसाचे काय करतो हे यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. पाणी पळते, आणि पळताना मातीही नेते.

पावसाचा हिशेब

दुष्काळी भागात पाऊसच पडत नाही, अशी समजूत मुलांत असते. ती अंकगणिताने दूर करावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. हे एकच परिमाण मुलांना पाठ असावे. शाळेचे छप्पर २० मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल, तर एका रात्रीच्या २५ मिलीमीटर पावसात त्यावर ३,००० लिटर पाणी पडते.

आता गावाचा हिशेब घ्यावा. जल जीवन मिशन ही योजना २०१९ साली सुरू झाली. तिने ग्रामीण भागासाठी दरमाणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्यानुसार १,००० वस्तीच्या गावास वर्षाला २,००,७५,००० लिटर, म्हणजे सुमारे २०,००० घनमीटर पाणी लागेल. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस सहाशे ते सातशे मिलीमीटरच्या घरात आहे. अवर्षणाच्या वर्षी तो निम्म्यावर, म्हणजे ३०० मिलीमीटरवर आला असे समजावे. त्या वर्षीही १०० हेक्टर डोंगरउतारावर ३,००,००० घनमीटर पाणी पडते. त्यातील दहावा हिस्सा जमिनीत मुरला असे उदाहरणापुरते धरले, तरी तो ३०,००० घनमीटर होतो. गावाच्या घरगुती गरजेच्या दीडपट हे पाणी आहे.

मग घागर रिकामी का राहते? याची कारणे दोन. पडणारे पाणी थांबत नाही, हे एक. आणि जे थांबते ते पिण्यासाठी राखले जात नाही, हे दुसरे. पहिल्या कारणाची चर्चा गावोगाव होते. दुसऱ्याविषयी मौन असते. म्हणून पाठात दोन्हींना सारखे स्थान द्यावे.

माथ्यापासून पायथ्याकडे

पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रावर पडलेले पाणी एकाच ओढ्यास येऊन मिळते ते क्षेत्र. त्याची दुरुस्ती माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यावी, असा नियम आहे. वरचे काम सोडून खालीच बंधारा बांधला, तर वरून येणारी माती पहिल्या दोनचार पावसाळ्यांत तो भरून टाकते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात पाझर तलाव व नालाबांध यांची पुष्कळ कामे झाली. त्यामुळे हातांना काम मिळाले, चुली पेटल्या. परंतु वरचे डोंगर उघडे राहिले तेथील कित्येक तलावांत पुढे गाळ साचला. तलाव सरकारचा, म्हणून गाळही सरकारनेच काढावा, अशी वृत्तीही त्यास कारणीभूत झाली.

माथ्यावर व तीव्र उतारावर सलग समपातळी चर खणतात. चर ६० सेंटीमीटर रुंद व ३० सेंटीमीटर खोल असेल, तर त्याच्या एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. असा १०० मीटर चर एकदा भरला की १८,००० लिटर पाणी पळावयाचे थांबते, आणि प्रत्येक मोठ्या पावसात तो पुन्हा भरतो. मात्र चर पूर्णपणे समपातळीत हवा. तो थोडा जरी कलता झाला, तरी पाणी एका टोकाला धावते व तेथे नवी घळ पाडते.

समपातळी शोधण्याचे साधन मुलांसही करता येते. दोन समान लांबीच्या काठ्या वरच्या टोकाशी बांधून पाय फाकवावेत, मध्ये आडवी काठी बांधावी व वरून दोरीला दगड लोंबता सोडावा. सपाट जागी उभे केल्यावर दोरी आडव्या काठीवर जेथे येते तेथे खूण करावी. उतारावर हे साधन चालवीत नेऊन दोरी प्रत्येक वेळी खुणेवर आली की दोन्ही पाय समपातळीत आहेत असे समजावे. शाळेच्या मैदानाच्या उतारावर चुन्याने अशी रेषा आखण्याचा पाठ मुलांस भूमितीपेक्षा अधिक लक्षात राहील.

चरांच्या खाली घळीत अनघड दगडांचे बांध, त्याखाली जाळीत दगड भरून केलेले बंधारे, शेतांना बांधबंदिस्ती व अखेरीस ओढ्यावर माती अथवा सिमेंटचे बांध, असा क्रम असतो. चरांच्या भरावावर गवताचे बी व स्थानिक झाडे लावावी लागतात. खणलेला चर चारपाच वर्षांत बुजतो. त्यावर उगवलेले गवत मात्र जपले तर टिकते. खरे काम गवतच करते.

येथे गावापुढे पहिला अवघड प्रश्न उभा राहतो. गवत उगवावयाचे तर डोंगरावर काही काळ चराई बंद केली पाहिजे. ज्याच्या शेतात वैरण आहे त्याला ही बंदी जड जात नाही. ज्याचे चार शेळ्यांवर पोट आहे त्याचा मात्र संसारच थांबतो. म्हणून डोंगराचा एक भाग बंद ठेवून दुसरा खुला ठेवणे, आणि बंद भागातील गवत विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन कुटुंबांस देणे, हे बंदीबरोबरच ठरले पाहिजे. ज्या नियमात दुर्बलाची सोय नाही तो नियम रात्री मोडला जातो.

शेजारचे दाखले

बीडच्या पश्चिमेस लागून असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यातील आहे. तेथील ग्रामस्थांनी १९८९ नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली डोंगरउतारांवर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. पुढे राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेची जोड मिळाली. श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी हे नियम त्या योजनेचे अंगच होते. परंतु हिवरे बाजारचे वेगळेपण पुढील पायरीत आहे. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, फार पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत, आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूस काढावयाचे, असे गावाने ठरविले. पाऊस कमी झाला तर पिके कमी करावयाची, पिण्याचे पाणी नाही, असा तो निश्चय आहे.

दुसरा दाखला घरचाच आहे. पानी फाउंडेशनने २०१६ साली गावागावांत पाणलोटाच्या कामाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी राज्यातील तीनच तालुके निवडले होते व त्यांत बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हा एक होता. २०१७ साली तालुक्यांची संख्या तीस झाली व त्यांत केज तालुकाही आला. गावातील स्त्री-पुरुषांनी प्रशिक्षण घेऊन आधी आराखडा करावयाचा व मग ऐन उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस श्रमदान करावयाचे, असे स्पर्धेचे स्वरूप होते. एरवी एकमेकांच्या बांधावर न जाणारी माणसे एका चरात उतरली, हा या कामाचा मोठा लाभ होय. तथापि स्पर्धेचे दिवस संपतात. गवत राखण्याचे, गाळ काढण्याचे व पाण्याचा हिशेब ठेवण्याचे दिवस संपत नाहीत. पंचेचाळीस दिवसांच्या उत्साहाला बारा महिन्यांची शिस्त मिळाली, तरच त्या श्रमाचे चीज होते.

पहिला हक्क कोणाचा?

मांजरा नदी बीड जिल्ह्यातच, पाटोदा तालुक्यात उगम पावते व तिच्यावरील मोठे धरण केज तालुक्यातील धनेगाव येथे आहे. हे धरण कोरडे पडल्यामुळे २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. साठवण कितीही मोठी असो, पिण्याचे पाणी आधी राखून ठेवले नाही तर ती पुरत नाही, हा यातील धडा आहे.

मुलांनी आणखी एक हिशेब करावा. एक हेक्टर उसास संपूर्ण हंगामात, पावसाचे धरून, सुमारे वीस हजार घनमीटर पाणी लागते असे साधारणतः मानतात. वर काढलेली १,००० माणसांची वर्षाची गरज बरोबर एवढीच आहे. हे उदाहरण ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास दोष देण्यासाठी नाही. त्यालाही कर्ज फेडावयाचे असते व हमखास विकला जाणारा माल पाहिजे असतो. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी परगावी जातात व त्यांची मुले शाळेतून निघून जातात, हे शिक्षक जाणतातच. उसाची दोन्ही टोके या जिल्ह्याने पाहिली आहेत. एका हेक्टराचा निर्णय एका शेतकऱ्याचा वाटला, तरी जमिनीखालील पाणी एकाच्या मालकीचे नसते. ते बांध ओळखत नाही. एवढेच मुलांना आकड्यांनी समजावे.

कायद्यानेही हे तत्त्व मानले आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्याने मनाई केली. पुढे २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला, त्यातही पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाचे संरक्षण हे प्रमुख सूत्र आहे. परंतु शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करण्यास कोणी धजत नाही. म्हणून जे कायद्याने साधत नाही ते ग्रामसभेच्या ठरावाने, सर्वांदेखत साधावे लागते.

एक सावधगिरीही सांगणे इष्ट आहे. प्लास्टिक अंथरून विहिरीच्या पाण्याने भरलेले शेततळे जमिनीत पाणी मुरवीत नाही. ते सर्वांचे भूजल एकाच्या तळ्यात आणते व त्यातील बराच भाग उन्हाने उडून जातो. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणारे तळे वेगळे व पंपाने भरलेले तळे वेगळे, हा भेद मुलांना स्पष्ट करून द्यावा.

पाणी पुरेसे आणि निर्धोकही

पुरेसे पाणी म्हणजे सुरक्षित पाणी नव्हे. दोहोंचा संबंध मात्र निकटचा आहे. उथळ विहिरी आटल्या की गाव खोल विंधनविहिरीकडे वळते. मराठवाड्याच्या काही भागांत खोल पाण्यात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आढळते. लिटरला १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराईड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात व पुढे हाडेही जखडतात. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही व उकळूनही जात नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो.

उथळ आडाचे भय निराळे आहे. उकिरडा, गोठा वा शौचालयाचा खड्डा जवळ असेल तर पावसाबरोबर घाण झिरपून येते. आडास कठडा व भोवती उताराचा पक्का ओटा असावा. सांडपाणी दूर न्यावे. पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकल्यावर शेवटच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. ही परीक्षा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओ. टी. द्रावणाचे थेंब टाकून करतो; पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे असे समजावे. ही परीक्षा महिन्यातून एकदा त्याने वर्गात करून दाखवावी, अशी विनंती मुख्याध्यापकांनी करावी. नळ घरात आला म्हणून आडाकडे पाठ फिरविणे योग्य नाही, कारण बहुतेक गावांत नळाचे पाणीही कोणत्या तरी विहिरीतूनच येते.

वर्षभराचा उपक्रम

जूनच्या आरंभी शाळेच्या उघड्या आवारात सरळ बाजूंचे भांडे ठेवून पर्जन्यमापक करावा. प्रत्येक पावसाच्या सकाळी दोन मुलांनी पट्टीने उंची मोजून फळ्यावर व वहीत नोंदवावी. महिन्याच्या १ व १६ तारखेस गावाच्या पिण्याच्या विहिरीतील पाण्याची पातळी काठापासून मोजावी. हे काम शिक्षकांनी अथवा जलसुरक्षकाने स्वच्छ दोरी व वजन वापरून स्वतः करावे. मुलांना कठड्याजवळ जाऊ देऊ नये. नोंद मात्र मुलांनी ठेवावी.

दिवाळीपूर्वी एक शिवारफेरी काढावी. शक्य असेल तेथे ओढ्यापासून माथ्यापर्यंत चालत जावे. कोणते बांध फुटले, कोणते चर बुजले, गवत कोठे टिकले, हे मुलांनी नकाशावर दाखवावे. बरोबर गावातील एखाद्या वृद्ध स्त्रीस आवर्जून बोलवावे. कोणत्या वर्षी कोणता आड आटला, पाणी कोठून आणले, याची आठवण घागर वाहणाऱ्यास जेवढी असते तेवढी इतरांस नसते.

पावसाची व विहिरीची अशी दोन वर्षांची नोंद झाली की तिचा आलेख मोठ्या कागदावर काढून ग्रामसभेत लावावा. मुलांनी कोणावर टीका करू नये. आकडे वाचून दाखवावेत. पाऊस सारखाच पडूनही एका वर्षी विहीर महिनाभर आधी का आटली, हा प्रश्न मग सभेतच कोणीतरी विचारील. तो सभेने विचारला म्हणजे शाळेचे काम झाले.

स्वाध्याय

१. तुमच्या शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ काढा. ६०० मिलीमीटर पावसात त्यावर किती लिटर पाणी पडेल?

२. एका विहिरीचा व्यास ६ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर आहे. तीत सुमारे ८४,७८० लिटर पाणी आहे हे पडताळून पाहा. ३०० माणसांना दरडोई ५५ लिटरप्रमाणे हे पाणी किती दिवस पुरेल? विहीर तरीही महिनोन् महिने चालते ती का?

३. तुमच्या गावात चराईबंदी केली तर कोणत्या घरांची अडचण होईल? त्यांची सोय कशी करता येईल?

४. तुमच्या घरी पाणी कोण आणते? त्यास रोज किती वेळ लागतो? आठवडाभराची नोंद करून वर्गात मांडा.

दुसऱ्या उदाहरणाचे उत्तर साधारण पाच दिवस असे येते. मुलांना या उत्तराचे आश्चर्य वाटले पाहिजे. विहिरीत दिसणारे पाणी पाचच दिवसांचे. उरलेले सारे न दिसणाऱ्या मुरमातून, डोंगराच्या पोटातून येत असते. आडात नाही तर पोहऱ्यात येणार नाही, हे मुलांना ठाऊकच आहे. डोंगरात मुरले नाही तर आडात येणार नाही, आणि गावाने राखले नाही तर आडात राहणार नाही, ही दोन वाक्ये त्यांनी आपण होऊन जोडली, म्हणजे पाठ सफल झाला असे शिक्षकांनी समजावे. चवथ्या प्रश्नाची उत्तरे मात्र हजेरीपटाशेजारी जपून ठेवावीत. पुढील उन्हाळ्यात तोच प्रश्न पुन्हा विचारावा. पाण्यासाठी लागणारा वेळ कमी झाला असेल, तर गावाच्या श्रमाचे पहिले फळ वर्गातच दिसेल, कारण उशिरा येणारी ती मुलगी त्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी रांगेत उभी असेल.